मरुस्थलातील अतिथिगृह आणि औंढ्याचा यात्रेकरू : एका वास्तुकल्पनेची चिकित्सा

१

'वाळवंट' हा शब्द उच्चारला असता मराठी मनापुढे प्रथम सहाराचा किंवा थरचा प्रदेश उभा राहत नाही. उभे राहते ते पंढरपूरचे चंद्रभागेचे पात्र, तेथील राहुट्या, दिंड्या आणि कीर्तनाचे रिंगण. या वाळवंटात माणूस मुक्काम करतो तो चार दिवसांचा. वारी सरली की राहुटी उठते आणि पुराचे पाणी तिची खूणही पुसून टाकते. भूमीवर कायमचा भार न ठेवता वस्ती करावी, हा जो विचार आज 'शाश्वत पर्यटनवास्तू' या नावाने मांडला जातो, त्याचे एक आचरण मराठी समाजात अशा रीतीने पूर्वीपासून चालत आले आहे. तथापि या विषयावरील प्रचलित ग्रंथ, आराखडे आणि नमुने पाहिले तर त्यांचा आदर्श वेगळा असल्याचे आढळते. इजिप्त, जॉर्डन, मोरोक्को आणि राजस्थान येथील मरुस्थलांत उभी राहिलेली मातीची, जाड भिंतींची, मंद प्रकाशाची अतिथिगृहे हा तो आदर्श होय.

निसर्गपर्यटनाच्या आजच्या संकल्पनेस नाव देण्याचे श्रेय सामान्यतः एक्तोर सेबायोस-लास्कुराइन या मेक्सिकन वास्तुकारास दिले जाते. त्याने ही संज्ञा १९८३ मध्ये योजिली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने २००२ हे वर्ष निसर्गपर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि तेव्हापासून या संकल्पनेस शासकीय योजनांत कायमचे स्थान मिळाले. तिचा जनक वास्तुकार असावा ही गोष्ट आनुषंगिक नव्हे. दूरच्या प्रदेशात पाहुणा आला की तो निजणार कोठे, पाणी कोणते पिणार आणि त्याच्या सांडपाण्याचे काय होणार, हे या पर्यटनाचे पहिले प्रश्न आहेत आणि ते तिन्ही वास्तुरचनेचे आहेत.

मराठवाड्याच्या कोरड्या पट्ट्यात, विशेषतः हिंगोली जिल्ह्यात, हा मरुस्थलीय आदर्श कितपत लागू पडतो याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा लहान असला तरी पाहुण्यांस नवखा नाही. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाणारे क्षेत्र येथे आहे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानलेली नर्सी येथे आहे. आणि गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा औंढा तालुक्यातील दुधाळा येथे उभारली जात आहे. भाविक, पंजाबातून येणारे नामदेवभक्त आणि उद्याचे विज्ञानयात्री अशा तीन प्रकारच्या पाहुण्यांसाठी येथे निवास बांधले जातील. ते कसे असावेत हे ठरविताना उसना आदर्श घ्यावयाचा की प्रदेशाच्या अनुभवातून निकष काढावयाचे, हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. मराठवाड्यात मातीच्या छपराने एका पहाटे हजारो माणसांचे प्राण घेतले आहेत. त्यामुळे मातीची वास्तू चांगली की वाईट, हा येथे कलासमीक्षेपुरता उरणारा विषय होऊ शकत नाही.

२

मरुस्थलीय वास्तुविचाराचा आद्य आणि सर्वांत प्रभावी ग्रंथ म्हणजे हसन फतही या इजिप्शियन वास्तुकाराचा. लक्सरच्या समोर, नाईलच्या पश्चिम तीरावर नवे गुर्ना हे गाव वसविण्याचे काम त्याने १९४५ मध्ये हाती घेतले आणि त्याची हकीकत १९६९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. १९७३ मध्ये 'आर्किटेक्चर फॉर द पुअर' या नावाने तो ग्रंथ पुन्हा प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वास्तुविद्यालयांत वाचला जाऊ लागला. कच्च्या विटांची भिंत, लाकडी आधाराविना रचलेली कमान, आतला चौक आणि वारा खाली ओढून घेणारा 'मल्काफ' या चार घटकांवर फतहीची सारी रचना उभी आहे. इजिप्तमध्ये इमारती लाकूड दुर्मीळ. म्हणून शेवटच्या भिंतीला टेकवून विटांचे तिरपे थर चढवीत जाण्याची नूबियन गवंड्यांची रीत त्याने पुन्हा वापरात आणली. जे गरिबाला फुकट मिळते, म्हणजे पायाखालची माती, त्यातूनच घर व्हावे, हा त्याचा मूलमंत्र होता.

या रचनेमागील भौतिक तत्त्व साधे आहे. मरुस्थलातील हवा कोरडी व आकाश निरभ्र असते. दिवसा ऊन प्रखर असते, तर रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने टाकते. दिवस आणि रात्र यांच्या तपमानांत मोठे अंतर पडते. दीड फूट जाडीच्या मातीच्या भिंतीतून उष्णतेची लाट आत पोचण्यास सुमारे बारा तास लागतात. म्हणजे दुपारचे ऊन खोलीत उतरते ते मध्यरात्री, जेव्हा बाहेरची थंडी त्याचे स्वागतच करते. भिंत येथे केवळ आडोसा नसून एक घड्याळ आहे. ते घड्याळ नीट चालण्यास दोन अटी लागतात : हवा कोरडी असली पाहिजे आणि रात्र थंड असली पाहिजे.

फतहीच्या ग्रंथाचे सामर्थ्य त्याच्या गद्यात आहे. गवंडी, वीटभट्टी, सरकारी कचेरी आणि खेडूत यांची चित्रे त्यात जिवंत उतरली आहेत. आणि तंत्राचा ग्रंथ असूनही तो आत्मकथेप्रमाणे वाचता येतो. त्याची उणीवही तेथेच आहे. गुर्नाचे लोक नव्या गावात राहावयास गेलेच नाहीत. प्राचीन थडग्यांच्या परिसरातून त्यांना उठविण्यासाठी पुराणवस्तू खात्याने ही योजना आखली होती. ज्या डोंगरावर त्यांची उपजीविका होती तो सोडावयास ते राजी नव्हते. फतही या अपयशाचा दोष बहुतांशी नोकरशाहीवर व गावकऱ्यांच्या हितसंबंधांवर टाकतो. पण ज्याच्यासाठी घर बांधावयाचे त्याची संमती घेण्यापूर्वीच घराचे रूप निश्चित झाले होते काय, हा प्रश्न ग्रंथ पुरेशा कठोरपणे स्वतःस विचारीत नाही. पुढे तेथील अनेक मूळ घरे पडली आणि काही ठिकाणी रहिवाशांनी त्यांच्या जागी काँक्रीट उभे केले. मातीचा गौरव करणाऱ्या प्रत्येक नव्या लेखनाने हे प्रकरण वाचूनच पुढे जावे, अशा योग्यतेचे ते आहे.

अतिथिगृहाच्या क्षेत्रात या विचाराचे शुद्ध उदाहरण म्हणून जॉर्डनमधील फेनान येथील निवासाचा उल्लेख करावा लागतो. दाना अभयारण्याच्या पायथ्याशी २००५ मध्ये सुरू झालेल्या या वास्तूची रचना अम्मार खम्माश या वास्तुकाराची आहे. खोल्या २६, रात्री उजेड मेणबत्त्यांचा, पाणी तापविणे व जी थोडी वीज लागते ती सूर्यापासून, सेवक, वाटाडे आणि वाहनचालक आसपासच्या बदू कुटुंबांतील. पाहुण्याला अंधाराची भीती न वाटता त्याचे आकर्षण वाटावे, ही या रचनेची खरी किमया आहे. उणेपणालाच तिने अनुभवाचे मूल्य दिले. मात्र हे मूल्य ज्याला परवडते असाच पाहुणा तेथे येतो, आणि तो एका वेळी २६ खोल्यांत मावेल इतकाच येतो. या दोन मर्यादा फेनानच्या यशातच गृहीत आहेत. त्या बाजूस सारून केवळ त्याच्या भिंती उचलणे म्हणजे वृत्त टाकून यमके तेवढी घेणे होय.

३

आता हिंगोलीकडे पाहावे. हा प्रदेश मरुस्थल नव्हे. जैसलमेरच्या पश्चिमेस वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरही पाऊस होत नाही; हिंगोलीत साधारण वर्षी तो आठशे मिलिमीटरच्या पुढे जातो. पण यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने आकाश कोरडे असते आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांवर चढतो. म्हणजे एकाच भूमीवर वर्षातून काही काळ मरुस्थलसदृश ऋतू असतो आणि काही काळ त्याच्या नेमका उलट. मरुस्थलीय वास्तूला एकाच शत्रूशी झुंजावे लागते. हिंगोलीतील वास्तूला दोन शत्रूंशी, आणि त्यांची शस्त्रे परस्परविरुद्ध आहेत.

याहून महत्त्वाची गोष्ट पाहुण्याच्या ऋतूची आहे, आणि प्रचलित लेखनात तिचा विचार जवळजवळ नसतोच. मरुस्थलात पाहुणा हिवाळ्यात येतो. कच्छमधील धोर्डो येथील तंबूंची नगरी हिवाळ्यात उभी राहते आणि उन्हाळ्यापूर्वी उठते. औंढ्याचा पाहुणा कधी येतो? एक मोठी गर्दी महाशिवरात्रीस होते, ती उन्हाळ्याच्या तोंडावर. दुसरी श्रावणातील सोमवारी. नर्सीची मोठी यात्रा आषाढीनंतरच्या परतवारी एकादशीची. म्हणजे येथील अतिथिगृह सर्वाधिक भरलेले असेल ते ऐन पावसाळ्यात. ओल्या धोतरांनी आणि लुगड्यांनी, चिखलाच्या पायांनी, कुटुंबकबिल्यासह शेकडो माणसे एकाच दिवशी दारात उभी राहतील. या वेळी हवा दमट असते, दिवस-रात्रींच्या तपमानांतील अंतर आकसलेले असते आणि जाड भिंतीचे घड्याळ बंद पडलेले असते. तेव्हा माणसाला हवा असतो खेळता वारा, ओल निथळणारे छप्पर आणि कपडे वाळत घालण्यास पडवी. मरुस्थलीय नमुन्यात यांतील पहिल्या गोष्टीस अल्प आणि उरलेल्या दोहोंस मुळीच स्थान नाही.

तिसरी गोष्ट भूमीची. हिंगोलीच्या बहुतेक भागात काळी माती आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात हात भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाची जड भिंत उभी केली तर एका बाजूने ती उचलली जाते, दुसऱ्या बाजूने खचते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत कोपऱ्यापासून तडे जाऊ लागतात. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. म्हणून घराचा पाया मुरमापर्यंत नेण्याची रीत होती, आणि भिंतीला व छपराला काळी माती न वापरता गावाच्या जुन्या पांढरीतली माती आणली जाई. 'काळी' आणि 'पांढरी' ही जोडी मराठी गावगाड्यात शेत आणि वस्ती या अर्थाने रूढ आहे. काळीत पेरावे आणि पांढरीवर राहावे, हा भेद मृदाशास्त्राच्या दृष्टीनेही निरर्थक नाही. पायाखालची माती वापरा, हा फतहीचा मंत्र काळ्या रानात जसाच्या तसा जपता येत नाही.

४

येथवरची चर्चा सोयीची होती; पुढील भाग जिवाचा आहे.

मराठवाड्यातील कोरड्या हवेस अनुरूप असे घर या प्रदेशाने स्वतःच घडविले होते. ते माळवद किंवा धाब्याचे घर. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर किंवा लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट, आणि त्यावर फूट-दोन फूट पांढऱ्या मातीचा थर; उजेडासाठी धाब्यात ठेवलेले साणे. इजिप्तमध्ये लाकूड नव्हते म्हणून कमान आली. येथे सागवान मिळे म्हणून सपाट धाबे आले. मे महिन्याच्या दुपारी अशा घरात शिरणाऱ्याला जो गारवा लाभतो त्याची सर पत्र्याला किंवा काँक्रीटला येत नाही. पर्यावरणाच्या आजच्या साऱ्या कसोट्यांवर हे घर उत्तीर्ण होते : साहित्य जवळचे, इंधन शून्य, कारागीर गावचा, आणि मोडले तर पुन्हा मातीत मिळणारे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरची ती पहाट होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या घरात माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती, जगाच्या मानाने ती अतिप्रचंड नव्हे. माणसे मेली ती निजलेल्या जागी कोसळलेल्या भिंतींखाली आणि धाब्याच्या मातीखाली. येथे एक साधे गणित मांडता येते. सुक्या मातीचे वजन दर घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले आणि थर अर्धा मीटर धरला, तर छपराच्या दर चौरस मीटरवर ८०० किलो भार पडतो. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब अशा खोलीत निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर साडेनऊ टनांहून अधिक माती असते. दर पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी वर नवी माती टाकण्याची रीत होती. त्यामुळे हा भार पिढ्यानुपिढ्या वाढतच गेला. ज्या काळजीने घर राखले जात होते त्याच काळजीने ते अधिक घातक होत होते.

तथापि किल्लारीचा निष्कर्ष 'माती वाईट' असा काढणे उतावीळपणाचे ठरेल. भिंती पडल्या त्या मुख्यतः त्यांच्या आतील व बाहेरील दगडांच्या थरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड नव्हता म्हणून, आणि चारही भिंतींना एकत्र जखडणारा पट्टा नव्हता म्हणून. जेथे छप्पर भिंतींवर न टेकता लाकडी खांबांच्या खणांवर उभे होते तेथे काही घरांत भिंती ढासळूनही छप्पर उभे राहिले. दुसरे उदाहरण कच्छचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुज, भचाऊ, अंजार येथील इमारती कोसळल्या. पण बन्नी प्रदेशातील नीट राखलेले भुंगे बऱ्याच अंशी टिकले. भुंगाही मातीचाच. पण त्याची भिंत वर्तुळाकार, म्हणून तिला कोपऱ्याचा दुबळेपणा नाही. आणि छप्पर गवताचे, शंकूसारखे, हलके. त्याच बन्नीतील होडका येथे गावकऱ्यांनी भुंग्यांचेच अतिथिगृह उभारून चालविले आहे. म्हणजे मरुस्थलातील निवासाचा जो नमुना मराठवाड्याने अभ्यासावा तो जाड धाब्याचा नव्हे, हलक्या छपराचा आहे. आणि अभ्यासावयाचे आहे ते त्याचे रूप नव्हे, तर त्याच्या भाराची व बांधणीची युक्ती.

हिंगोलीस हा विचार लांबचा नाही. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ दुसरा. आणि १० जुलै २०२४ रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा. मोठी हानी झाली नाही. परंतु किल्लारीच्या परिसरासही १९९३ पूर्वी स्थिर भूखंडाचा भाग मानले जात होते, हे विसरून चालत नाही. यात्रेच्या रात्री ज्या निवासात दोनशे अनोळखी माणसे दाटीने निजणार, त्याचे छप्पर 'पारंपरिक दिसावे' म्हणून जड मातीचे करणे हा वास्तुकाराचा रसिकपणा नव्हे, तो स्मृतिभ्रंश होय. मातीच्या व दुर्बल बांधकामाच्या इमारतींस भूकंपरोधक करण्याविषयी १३८२७ आणि १३८२८ या क्रमांकांची भारतीय मानके १९९३ मध्येच प्रसिद्ध झाली आहेत. आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वरून फिरणारा अखंड पट्टा, कोपऱ्यांची बांधणी, हलके छप्पर या त्यांतील उपायांत गहन असे काही नाही. त्यांची अडचण एवढीच की ते पूर्ण झालेल्या इमारतीत दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्यावर खर्च करण्यास मालक नाखूश असतो.

याची दुसरी बाजूही नोंदविणे न्याय्य ठरेल. भूकंपानंतर ५२ गावांचे पूर्ण पुनर्वसन झाले. नव्या गावांत रस्ते सरळ व रुंद झाले, घरे मजबूत झाली. पण ती उन्हाळ्यात तापतात, आणि एकमेकांना बिलगलेल्या गल्ल्यांची सावली हरवली, अशी टीका त्यानंतर सातत्याने होत आली. गारवा आणि सुरक्षितता यांपैकी एकच निवडावे लागले, असा या टीकेचा मथितार्थ आहे. पुढील वास्तुविचाराचे काम ही निवड अनावश्यक ठरविणे हे आहे. भिंतीत वस्तुमान ठेवावे, छपरात ठेवू नये. छपराला उष्णता अडविण्यासाठी वजन लागत नाही. पोकळी, वायुवीजन आणि पांढरा रंग यांनी ते काम बव्हंशी होते. दुहेरी छप्पर, त्यांमधून वाहणारा वारा आणि भोवती रुंद पडवी, एवढ्यावर मे महिन्याची दुपार आणि श्रावणाची झड ही दोन्ही संकटे निभावता येतात.

५

मरुस्थलीय अतिथिगृहाची खरी कसोटी भिंत नसून पाणी आहे. आणि याच कसोटीवर पुष्कळशी नावाजलेली अतिथिगृहे उघडी पडतात. भिंती मातीच्या आणि अंगणात पोहण्याचा तलाव, हे दृश्य राजस्थानपासून मोरोक्कोपर्यंत अपवादात्मक नाही. मराठवाड्यात हा विरोधाभास हास्यास्पद न राहता क्रूर होतो. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही घटना फार जुनी नाही.

येथेही गणित उपयोगी पडते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील पाच हिश्श्यांपैकी चार हिस्से साठविता आले, तर ६४,००० लिटर पाणी मिळते. हॉटेलातील एका पाहुण्यामागे रोज १८० लिटर पाणी धरण्याचा भारतीय मानकाचा संकेत आहे. त्या हिशेबाने हे पाणी एका पाहुण्याला ३५५ दिवस पुरेल. थोडक्यात, शंभर चौरस मीटर छप्पर आणि एक खाट. या एका ओळीत 'पर्जन्यजलावर स्वयंपूर्ण' अशा साऱ्या जाहिरातींचा निकाल लागतो. उलट दर माणशी वापर ६० लिटरवर आणला तर त्याच छपराखाली तीन माणसे राहू शकतात. बादली आणि तांब्या यांनी होणारे स्नान, साठवणीचा हौद, सांडपाणी झाडांस देण्याची व्यवस्था या गोष्टी दारिद्र्याच्या खुणा मानल्या जातात. वस्तुतः या प्रदेशात त्याच सुसंस्कृततेच्या खुणा आहेत. चारठाणा व वालूर येथील बारवा हे दाखवितात की पाण्यापर्यंत पायऱ्या उतरून जाण्यास लावणारी वास्तू पाण्याचे मोलही शिकवीत असे.

मैलापाण्याचा प्रश्न याहून अप्रिय, म्हणून अधिक दुर्लक्षित. काळ्या मातीतून पाणी फार संथ झिरपते. शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो, आणि पावसाळा हाच येथे यात्रेचा काळ. खालच्या बेसाल्टला भेगा असतील तेथे तोच मैला थेट विहिरीत उतरतो. जो निवास वर्षातील तीनशे दिवस अर्धा रिकामा आणि दहा दिवस दहापट भरलेला असणार, त्याची मलनिस्सारण-व्यवस्था सरासरीवर आखून भागत नाही. ती गर्दीच्या दिवसावर आखावी लागते. हिंगोली आणि नर्सीला जीवन देणाऱ्या कयाधू नदीचे भवितव्य भिंतींच्या सौंदर्यापेक्षा या अदृश्य टाक्यांवर अधिक अवलंबून आहे.

६

यात्रेकरूच्या निवासाविषयी मराठी वाङ्मयात काही सामग्री आहे काय, याचा शोध घेताना महानुभावांच्या 'स्थानपोथी'कडे लक्ष जाते. श्रीचक्रधरांनी जेथे जेथे वास्तव्य केले त्या स्थानांची ही नोंद होय. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, मठाचे दार कोणीकडे, पटिशाळा कोठे, आसन कोठे झाले, हे तीत बारकाईने सांगितले आहे. ग्रंथाचा हेतू भक्तीचा. परंतु परिणामी मराठीतील ते एक आद्य वास्तुवर्णन झाले आहे. त्यातून दिसणारा प्रवासी एखाद्या बंद खोलीत राहत नाही. तो देवळाच्या मंडपात, मठाच्या पटिशाळेत, झाडाखाली, ओट्यावर राहतो. मुक्कामाची जागा गावापासून तोडलेली नसते. धर्मशाळेची पुढील सारी परंपरा याच बीजातून वाढली : मध्ये चौक, भोवती ओवऱ्या, एका बाजूस आड, आणि निजण्या-जेवण्याची जागा एकच. थोड्या साहित्यात पुष्कळ माणसे सामावण्याची ही रीत निव्वळ काटकसरीच्या दृष्टीनेही खोल्यांच्या रांगेपेक्षा श्रेष्ठ आहे.

पण या परंपरेचा गौरव करताना तिच्या उंबरठ्यावर कोण थांबविला गेला हे न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्मशाळा सर्वांची नव्हती. डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात बडोद्याच्या पारशी पथिकाश्रमातून जातीमुळे बाहेर पडावे लागल्याची हकीकत आहे, आणि १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून त्यांच्या मंडळींवर लोक धावून आल्याची घटनाही. दुसरी घटना मराठवाड्याचीच. पाहुण्याला निवारा आणि पाणी देणे ही ज्या संस्कृतीची शेखी, त्या संस्कृतीने निवारा आणि पाणी याच दोन गोष्टी नाकारल्या. यास्तव जुन्या धर्मशाळेचा चौक घ्यावा, तिचा उंबरठा घेऊ नये. औंढ्याच्या देवळाविषयी लोकांत सांगतात की नामदेवांना पुढून हुसकावले तेव्हा ते मागे जाऊन कीर्तनास उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काही असो. वास्तूने माणसाकडे तोंड करावे, हे वास्तुशास्त्राचे सूत्र इतक्या नेमकेपणाने अन्यत्र क्वचितच सांगितले गेले असेल.

या निकषावर आधुनिक निसर्गनिवासही तपासून पाहावा लागतो. जातीने बंद झालेले दार आता दराने बंद होते. ज्याच्या शेतजमिनीवर निवास उभा राहतो तो त्यात पाहुणा म्हणून राहू शकत नाही, आणि पर्यावरणाची काळजी ही श्रीमंताची हौस ठरते. होडक्याचे महत्त्व भुंग्यांत नसून गावाच्या मालकीत आहे, ते याच कारणास्तव.

७

दुधाळ्याच्या वेधशाळेस २०१६ मध्ये तत्त्वतः व एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून विश्वातील अतिसूक्ष्म कंपने टिपणाऱ्या या यंत्राला भोवतालची भूमी शक्य तितकी शांत लागते. जड वाहतूक आणि बेसुमार बांधकाम हे तिचे शत्रू आहेत. त्यामुळे या परिसरात येऊ घातलेल्या पाहुण्यांची सोय हा अपरिहार्यपणे मर्यादेचा प्रश्न होणार आहे : किती माणसे, किती वाहने, किती पाणी. मरुस्थलाने वास्तुकाराला जी एक गोष्ट खरोखर शिकविली ती हीच मर्यादा होय. फेनानने ती २६ खोल्यांत बांधून घेतली; फतहीने साहित्यात बांधून घेतली, पण माणसांच्या बाबतीत ती विसरला.

एकंदर विवेचनाचे तात्पर्य असे मांडता येते. मरुस्थलीय अतिथिगृहाचे रूप हिंगोलीस अनुकूल नाही. कारण येथील पाहुणा पावसात येतो, येथील भूमी फुगते आणि येथील मातीच्या छपरामागे १९९३ ची पहाट आहे. त्याची शिस्त मात्र घेण्याजोगी आहे : साहित्य जवळचे, भार हलका, पाणी मोजून, अंधाराचा मान राखून, आणि लाभ गावाचा. त्या शिस्तीला येथील परंपरेतील चौक, ओसरी, हौद आणि राहुटी यांची जोड द्यावी. विशेषतः यात्रेच्या दहा दिवसांसाठी कायमच्या खोल्या न बांधता, कायमचे पाणी, स्वच्छतागृहे व छायेचे मंडप उभारून निजण्याची सोय उठवता येण्याजोग्या तंबूंत करणे, हा उपाय प्रदेशाच्या ऋतुचक्राशी आणि वारीच्या संस्काराशी सारखाच जुळतो. पावसाळी तंबूस उंच ओटा आणि बाजूने पाण्याचा चर लागेल, एवढेच.

विद्यापीठीय अभ्यासकांपुढे यातून एक काम उभे राहते. मराठवाड्यातील उरलेली धाबी, धर्मशाळा आणि बारवा यांची मापे, साहित्य, दुरुस्तीच्या रीती व कारागिरांचे शब्द यांची नोंद त्या वास्तू पडण्यापूर्वी व्हावयास हवी. 'स्थानपोथी'च्या कर्त्याने एका महात्म्याच्या पावलांसाठी हे काम केले. सामान्य यात्रेकरूच्या निजेसाठी ते करणे त्याहून कमी पवित्र मानण्याचे कारण नाही. वास्तूचे मोल ती दिवसा कशी दिसते यावर ठरत नाही. तिच्या छपराखाली परकी माणसे रात्री निर्धास्त निजतात की नाही, यावर ठरते.